चौथा सेल

आधीच सांगतो, ज्यांना विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी खुशाल ठेवू नये. मी कोणाला पटवायला आलेलो नाही. मी दिवसभर ऑफिसांमधली झेरॉक्स मशीन दुरुस्त करतो. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टिंगल केलीय.

पण हे माझ्यासोबत घडलंय. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात. आणि ते अजून संपलेलं नाही.

गेल्या थंडीतली गोष्ट. अमावास्या होती.

ताईचं घर गावाच्या अगदी टोकाला आहे. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर डोंगर. त्या डोंगरावरच्या पायवाटेवर भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, आणि मी रात्री सायकल चालवायचो. दिवसा वेळ कुणाला होता? ते सुतारकाम करायचे, मी मशीनमध्ये डोकं घालून बसलेला. जेवायच्या आधी तास-दोन तास मिळाले की आमची स्वारी डोंगरावर.

वर फोनला रेंज नाही. म्हणून भाऊजींनी एक पद्धत पाडली होती.

उतरताना एका वळणावरून आमची खिडकी दिसते. तिथे थांबून सायकलच्या दिव्यावर तळहात ठेवायचा आणि काढायचा. दोनदा. म्हणजे, ‘उतरतोय, चहा टाक.’ मग ताई स्वयंपाकघरातला दिवा दोनदा बंद-चालू करायची. म्हणजे, ‘ये.’

आणि तीनदा म्हणजे, ‘थांब.’

हे ‘थांब’ खास आमच्या आत्यासाठी होतं. आत्या आली की भाऊजींच्या पगारापासून पोटापर्यंत सगळ्याची चौकशी करायची. ताईने तीनदा दिवा केला की हा माणूस आत्या जाईपर्यंत त्या वळणावर मुकाट बसून राहायचा. थंडीत कुडकुडत! आम्ही किती हसायचो.

असा माणूस त्याआधीच्या थंडीत त्याच डोंगरावर गेला.

त्या दिवशी मला ताप होता, म्हणून ते एकटेच निघाले. चढतानाच वाटेची कड सुटली. सकाळी सापडले. दिवा त्यांच्या खाली चुरा होऊन पडला होता. डॉक्टर म्हणाले, अंधार पडता पडताच गेले असणार.

पण ताई वेगळंच सांगत होती.

‘अरे, जेवायच्या वेळेला त्याने दिवा दाखवला मला. दोनदा. मी पण दोनदा दाखवला. चहा टाकला...’

सगळे म्हणाले, भास झाला असेल. मीही म्हणालो.

त्या दिवसापासून ताई त्या खिडकीपाशी उभी राहिली नाही. भांडी घासायची तीसुद्धा मोरीत बसून. संध्याकाळ झाली की बाहेर पायरीवर जाऊन बसायची, डोंगराकडे बघत. बोलणं कमी, खाणं त्याहून कमी. तिला एकटं ठेवायचं कसं? मी माझी खोली सोडली आणि तिच्याकडे राहायला आलो.

तेव्हापासून मला एक आवाज छळायचा.

रात्री सगळं शांत झालं की स्वयंपाकघरातून यायचा...

टिक... टिक... टिक...

मी म्हटलं, नळ गळतोय. प्लंबर आला, नळ बदलून गेला. आवाज तसाच. पुन्हा बोलावला, तर तो माझ्यावरच उखडला. ‘साहेब, नळ कोरडा ठणठणीत आहे. कान तपासून घ्या.’ ताई कानाच्या मशीन दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला, त्यामुळे हा टोमणा मला फारच लागला.

ताईला विचारलं तर ती म्हणाली, ‘मला नाही ऐकू येत.’

वर्ष असंच गेलं. मग मला राहवेना. पाय शिवशिवायला लागले. एक दिवस धीर करून म्हटलं, ‘ताई, मी पुन्हा वर जाऊ का?’

वाटलं, आता भांडी उडणार. तिने हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं.

‘जा. पण दिवा मी करून देईन. विकतच्या दिव्यावर माझा भरवसा नाही. माझं एक माणूस गेलंय, दुसरं जाऊ द्यायचं नाही मला.’

आणि खरंच कामाला लागली हो! वर्षभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं. मी ऑफिसांतून बाद झालेल्या लॅपटॉप बॅटऱ्या आणल्या. तिने त्या फोडून आतले सेल काढले. एकेक सेल मीटर लावून तपासला. जुन्या कॉम्प्युटरमधला अॅल्युमिनियमचा तुकडा कापून त्यावर एलईडी बसवला, म्हणजे दिवा तापणार नाही. वर भिंगाची काच. हँडलला बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. बॅटरी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घालून बाटली सायकलच्या दांड्याला अडकवायची.

चार सेल लागणार होते. चांगले तीनच निघाले.

‘एका पॅकमध्ये सगळे सेल एका घरातले हवेत,’ ती मला कायम बजावायची. ‘परका घातला की तो बाकीच्यांशी जुळवून घेत नाही. कधी दगा देईल सांगता येत नाही.’

म्हणून मी चौथा शोधत होतो. तर दुसऱ्या दिवशी पॅक तयार! वरून टेपसुद्धा गुंडाळलेली.

‘चौथा कुठून आणलास?’

‘त्याच्या बॅटरीवरच्या ड्रिल मशीनमधून काढला.’

भाऊजींचं ड्रिल. वर्षभर त्याला कोणी हात लावला नव्हता.

‘अगं, पण तूच म्हणतेस ना, परका घालू नये म्हणून?’

‘परका कसला? घरचाच आहे,’ ती म्हणाली आणि सोल्डरिंगचं सामान आवरायला लागली.



अमावास्येला संध्याकाळी निघालो. ताई पायरीपर्यंत आली. ‘वळणावर दिवा दाखवू?’ मी विचारलं.

‘दाखव हवा तर. मी खिडकीत नसेन.’

दिव्याचा उजेड काय पडला होता म्हणून सांगू! दगडन् दगड दिसत होता. भाऊजी पायवाटेने चढतानाच गेले, म्हणून मी पक्क्या रस्त्याने मजेत शीळ घालत चढलो. माथ्यावर जाऊन मागे वळलो, तर खाली सगळा काळोख. गावातली लाईट गेली होती. एक ठिपका दिसेल तर शपथ.

पायवाटेने उतरायला लागलो. त्या वळणावर आलो. उगाच, सवयीने, दिव्यावर हात ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. काढला.

आणि खाली...

आख्ख्या काळोखात एकच खिडकी उजळली.

आमचीच.

मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आली शेवटी खिडकीत. बॅटरीचा कंदील घेऊन उभी असेल.

खिडकी विझली. लागली.

पुन्हा विझली. लागली.

मी पायडलवर पाय ठेवला. तेवढ्यात...

ती तिसऱ्यांदा विझली.

तीनदा. म्हणजे थांब.

मला हसू आलं. या काळोखात आत्या कुठून टपकली? ताईचा काहीतरी घोटाळा झाला, म्हटलं, आणि सायकल सोडली.

दिवा गेला.

अचानक. मिणमिणणं नाही, काही नाही. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. मी दोन्ही ब्रेक आवळले. सायकल घसरत जाऊन थांबली. तोंडातून शिवी निघाली, ती त्या परक्या सेलला.

पाय टेकायला गेलो. डावा टेकला.

उजव्या पायाखाली काहीच नव्हतं.

एक दगड सुटला... त्याचा पडल्याचा आवाज मला ऐकूच आला नाही.

मी हललो नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. आणि दिवा आपोआप लागला.

पुढे वाट नव्हती. पावसाळ्यात कधीतरी तो सगळा भाग खचून दरीत गेला होता. माझं पुढचं चाक कडेवर होतं.

सायकल तिथेच टाकली. दिवा आणि बाटली हातात घेऊन पुन्हा वर गेलो आणि पक्क्या रस्त्याने चालत आलो.  एकच मनात होतं, ताईचे पाय धरायचे.

ताई पायरीवर बसली होती. मला बघून उठली. ‘सायकल कुठाय?’

‘ताई, तुला कसं कळलं गं? वाट खचलीय हे कोणी सांगितलं तुला?’

‘कसली वाट?’

‘तू तीनदा दिवा केलास ना!’

ताईचा चेहरा पांढरा पडला. तिने हळूच कमरेची किल्ली काढून दाखवली. तिच्या पाठीमागच्या दाराला कुलूप होतं.

‘तू गेलास आणि लगेच लाईट गेली. आत एकटी बसवेना मला. तेव्हापासून इथेच आहे मी.’

आम्ही कुलूप उघडून आत गेलो. अंधार. मी स्वयंपाकघरातलं बटण दाबलं. काही नाही. कंदील कपाटात, तोही मेलेला.

आणि तेव्हा पुन्हा तो आवाज आला.

टिक... टिक... टिक...

या वेळी मी तो नीट ऐकला. देवाशपथ सांगतो, मी इतकी वर्षं सायकली चालवतोय आणि मला कळू नये! भाऊजींच्या सायकलचं मागचं चाक. पायडल थांबवलं की वाजायचं तसं. ते गल्लीच्या टोकाला आले की आम्ही त्याच आवाजावर ओळखायचो.

मी ताईकडे पाहिलं. या वेळी तिलाही ऐकू येत होतं.

‘मी त्याला ये म्हटलं होतं,’ ती म्हणाली. ‘दोनदा दिवा केला होता मी. तो आला, रे. त्याच रात्री आला. आणि मी वर्षभर बाहेर बसून डोंगराकडे बघत बसले.’

ती खिडकीपाशी गेली, ओट्याला डोकं टेकलं आणि रडली. भाऊजी गेले तेव्हासुद्धा अशी रडली नव्हती. मीही रडलो, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पॅक उघडला. तीन सेल पार उतरलेले. चौथा काठोकाठ भरलेला. इतका, की तिने मीटर बदलून पाहिला. मग तिने तो सेल पुन्हा ड्रिलमध्ये बसवला.

इथेच गोष्ट संपली असती तर मी लिहिलं नसतं. माझा जीव वाचला, ताई जेवायला लागली, हसायला लागली. आणखी काय हवं?

पण परवा पुन्हा लाईट गेली. आम्ही दोघं अंगणात बसलो होतो.

स्वयंपाकघराची खिडकी उजळली. विझली. लागली. विझली. लागली.

मी तिसऱ्याची वाट पाहिली...

तिसरा आलाच नाही.

दोनदा म्हणजे ‘ये’. आणि मी तर घरीच होतो. ताईच्या शेजारी.

ताई उठली. तिने केस सारखे केले. ‘आले हं,’ म्हणाली. मला नाही. आत गेली.

मी हाका मारत राहिलो. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, हात बर्फासारखे गार, चेहऱ्यावर नव्या नवरीचं हसू. काल पुन्हा तेच. मी आज सकाळी बल्ब काढून टाकला. त्याने काही होईल असं मला वाटत नाही, लाईट नसताना तो लागतोच की.

भाऊजी, तुम्ही मला वाचवलंत. तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण ताईला बोलवू नका हो. मला तिच्याशिवाय कोणी नाही.

आजवर हाक मारली की ती बाहेर आलीय.

आत्ता लाईट गेलीय. हे मी अंगणात बसून फोनवर लिहितोय... आणि शेजारची खुर्ची रिकामी आहे.