पहिल्या रांगेतली खुर्ची

या, असे जवळ येऊन बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही थोडं पुढे सरकावं, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. एका बहिणीची आहे. देवाने तिच्याकडून पुष्कळ काढून घेतलं, तरी तिने त्याच्याशी कधी अबोला धरला नाही... ऐका.

उद्या सकाळी निघायचं होतं. खोलीच्या मधोमध बॅग उघडी पडली होती आणि ताई तिच्यापुढे बसून तोच लोकरी कोट पुन्हा पुन्हा घडी करत होती. तिला न्यायला धाकटा भाऊ स्वतः समुद्रापलीकडून आला होता. ‘पुढच्या वर्षी नक्की नेतो’ म्हणता म्हणता त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, आणि आता नेत होता तो आपल्या लेकीच्या गाण्याच्या पहिल्या कार्यक्रमाला, जिथे आत्यासाठी अगदी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती.

तो तिच्या पाठीमागे, दारात उभा होता. वर्षानुवर्षं छातीत दाबून ठेवलेला प्रश्न त्याने आज, तिचा चेहरा समोर नाही एवढ्याच आधारावर, विचारून टाकला.

“ताई, तू माझ्यावर रागावली आहेस का गं?”

ताईने कोटाची बाही सरळ केली.

“आई गेली तेव्हा मी आलो नाही... तेच मनात आहे ना तुझ्या?”

ताईने कोट बॅगेत ठेवला आणि परत बाहेर काढला. धाकट्याने मनाशी म्हटलं, म्हणजे खरंच आहे तर... साधा फोन केला तर ही उचलायची नाही. उचललाच तर “पडद्यावर ये, तोंड दाखव, मग बोल” असा हुकूम! त्या हुकमात माया असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. तो आत निघून गेला.

आणि ताईला तर पाठीमागे कुणी उभं होतं याचाही पत्ता नव्हता. तिला ऐकू येत नव्हतं... काहीच नाही. वडील गेल्यावर शाळा सोडून ती कापडाच्या कारखान्यात मागावर उभी राहिली. कान वाजू लागले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, माग सोड, घडीखात्यात जा, तिथे शांतता असते. पण घडीखात्यात पगार कमी, आणि धाकट्याचं शिक्षण अर्ध्यावर... ती मागावरच राहिली. एकेक आवाज विझत गेला, आणि समोरच्याचे ओठ वाचून ती इतक्या सफाईने निभावत गेली, की ज्याच्यासाठी हे सारं केलं त्यालाच कधी सुगावा लागला नाही.

संध्याकाळी निरोप द्यायला रेडिओ आली. रेडिओ म्हणजे ताईच्या शेजारच्या मागावरची मैत्रीण; तोंड कधी बंद नसायचं, म्हणून हे नाव पडलेलं.

“काय हो परदेशी मड्डम,” ती ताईसमोर बसकण मारत म्हणाली, “कोट एक आणि घड्या शंभर? विमानवाले तुला घड्या घालायलाच ठेवून घेतील बघ.”

ताई हसली नाही. धाकटा बाजूला खिडकीशी तिकिटं चाळत होता. ताईने त्याच्याकडे चोरून पाहिलं आणि जुन्या सवयीने, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलू लागली. मागांच्या खडखडाटात तिथल्या साऱ्या बायका अशाच बोलत.

“मला धडकी भरली आहे गं.”

“विमानाची?” रेडिओचे ओठ हलले.

“विमान देवाच्या हवाली. गाण्याची... पोर विचारेल, आत्या, कसं झालं? काय सांगू? आणि खुर्ची पहिल्या रांगेत. मागे असते तर लोकांचे हात बघून टाळी वाजवली असती. पुढे कुणाचे हात बघू? गाणं चालू असतानाच मी टाळी दिली तर चारचौघांत लेकराची मान खाली जाईल.”

“मग सांगून टाक ना त्याला.”

“नको. बहिणीचे कान गेले आणि कुणापायी गेले, हे त्याला जन्मभर डाचत राहील. त्यापेक्षा सकाळी मी आजारीच पडते. पोटात दुखतंय म्हणते.”

रेडिओ खिडकीकडे बघतच राहिली. ताईनेही तिकडे पाहिलं. धाकट्याच्या हातातली तिकिटं खाली पडली होती.

ताई एक गोष्ट विसरली होती. लहानपणी शाळा सुटली की घरी कुणी नसायचं, म्हणून हाच धाकटा तिच्या मागाशेजारी कापडाच्या गठ्ठ्यावर येऊन बसायचा आणि पुस्तकाच्या आधी त्या बायकांचे ओठ वाचायला शिकला होता.

तो येऊन तिच्यासमोर खाली बसला. मग तोही आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलला.

“दुपारी मी तुझ्या मागे उभा राहून बोलत होतो, ताई.”

“काय बोललास?”

“रागावली आहेस का, म्हणून विचारलं.”

“वेड्या... तोंड दाखवून विचारायचं ना.”

त्यासरशी तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागला. मग पुन्हा चेहरा वर करून, तिला दिसेल असा, म्हणाला, “माझ्यापायी कान घालवलेस, आणि मी लोकांना सांगत राहिलो, आमची ताई फार मानी.”

“घालवले कुठे? कामी लावले.” ताईने त्याचे डोळे पुसले. “पण आता पोरीला आधी सांग. तिला नको वाटलं तर मी इथेच बरी. मनापासून सांगते.”

फोनच्या पडद्यावर पोर आली. बापाने सगळं सांगितलं. तिने मान खाली घातली, आणि तिचे ओठ ताईला दिसेनासे झाले... त्या क्षणांत त्या माउलीचं काळीज कसं कातर झालं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक!

मग पोरीने मान वर केली.

“आत्या, पहिल्या रांगेतून माझे ओठ दिसतील ना तुला? माईक तोंडापुढे येतो, तो मी खाली घ्यायला सांगते. आणि संपलं की मी तुझ्याकडेच बघेन. तोवर हात मांडीवर ठेव.”

ताईने मान डोलावली. बराच वेळ ती नुसती मान डोलावत राहिली...

गोष्ट एवढीच. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. कुठे गाण्याला, भजनाला बसाल, सूर अंतःकरणात उतरेल आणि हात आपसूक टाळीला उचलले जातील, तेव्हा या ताईची आठवण ठेवा. टाळी जरा हात उंच करून वाजवा. मागे कुणीतरी तुमच्या हातांकडे डोळे लावून बसलेली असेल.