सहा अंशांवरची कुमुद

अकोल्यातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सर्वांत थंड जागा होती ती चहाच्या बशीएवढी. तांब्याच्या एका पट्टीखाली गृहसंगणकाची चिप बसवली होती आणि पट्टीजवळचा आकडा सहा अंश दाखवत होता. बाहेर मे महिन्यातली दुपार सेहेचाळीस अंशांवर होती. घरात बेचाळीस.

"तायडेताई, अजून सहा अंश खाली न्या," डॉ. प्रभंजन वैराळे म्हणाले. "शून्यावर आणा. आत्ताच."

रेणुका तायडेने हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि ओढणीने मान पुसली. गेली बावीस वर्षं ती शहरभरचे फ्रिज दुरुस्त करत होती. तीन आठवड्यांपूर्वी वैराळ्यांच्या एसीतला कॉम्प्रेसर काढून तो या संगणकाला तिनेच जोडून दिला होता. उन्हाळ्यात वीज पुरत नाही म्हणून 'एक घर, एक कॉम्प्रेसर' असा नियम झाला होता. एसी आणि संगणक यांतलं एकच काहीतरी गार होऊ शकत होतं. वैराळ्यांनी संगणक निवडला होता. फ्रिज बंद करून त्यात पुस्तकं ठेवली होती.

"घाई काहून?" तिने विचारलं.

"चार वाजून दहा मिनिटांनी कुमुदला आकडी येणार आहे."

घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. आतल्या खोलीत पलंगावर कुमुद वैराळे ओल्या पंच्याने पाय पुसत बसली होती. तिने तिथूनच हाक मारली, "रेणुका, पाणी पी आधी. माझी वेळ ठरलेली आहे, तुझी नाही."

दोन वर्षांपूर्वीच्या मेंदूज्वरानंतर कुमुदला आकडी येऊ लागली. कशाने येते ते कुणी छातीठोक सांगेना. जागरण, मीठ, उष्णता, धसका, काहीही असू शकतं, असं डॉक्टर म्हणत. मागच्या वेळी तिचं हृदय सव्वा मिनिट थांबलं होतं. पुढची आकडी त्याला झेपेल याची खात्री नव्हती. मात्र दोन तास आधी कळलं, तर एक इंजेक्शन देऊन ती सौम्य करता येत होती. आणि ते इंजेक्शन महिन्यातून एकदाच देता येत होतं.

म्हणून वैराळ्यांनी देहप्रतिमा तयार केली होती. कुमुदच्या मनगटावरच्या, छातीवरच्या आणि खोलीतल्या संवेदकांकडून माहिती घेत संगणकात दुसरी कुमुद जगत होती. फक्त खऱ्या कुमुदपेक्षा भरभर. रुग्णाची माहिती घराबाहेर न्यायला कायद्याने बंदी असल्यामुळे हे सगळं घरातल्याच यंत्रावर चालवावं लागे.

"चिप तापली की ती आपला वेग आपणच कमी करते," वैराळ्यांनी पहिल्या दिवशी समजावलं होतं. "अकोल्यातल्या उन्हाळ्यात ही देहप्रतिमा कुमुदच्या बारा मिनिटं मागे पडते. म्हणजे आकडी येऊन गेल्यावर मला कळवणार! चिप वीस अंशांवर ठेवली तर पाच तास पुढचं दिसतं. सहावर दीड दिवस. मला थंडी नकोय, ताई. मला वेळ हवाय."

तेव्हा रेणुकाने एकच अट घातली होती. कूलर बंद. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडून वारा मारणारा तो जुना पत्र्याचा कूलर हवेत ओल सोडतो. कोरड्या हवेत सहा अंशांच्या पट्टीवर दव धरत नाही. ओली हवा आली की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखी ती पट्टी घामेजते आणि पाणी चिपमध्ये उतरतं. वैराळ्यांनी कूलरच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली होती.

आता रेणुका कॉम्प्रेसरला कान लावून उभी राहिली. तो कण्हत होता. गरम नळीवरून बोट फिरवत ती दिवाणखान्यातून गेली, पलंगाच्या खोलीच्या उंबऱ्याशी आली आणि थबकली. कॉम्प्रेसरची उष्णता बाहेर टाकायला तिने बाल्कनीत बसवलेली गरम जाळी तिथे दाराला टेकून उभी होती. मागचा पंखा भसाभस वारा फेकत होता, थेट आत.

"सर, हे काय करून राहिले तुम्ही? ही जाळी बाहेर होती."

"बाहेर सत्तेचाळीसपर्यंत जातं. त्या हवेत जाळी उष्णता टाकणार कशी? घरात अडतीस होतं. आत आणली आणि चिप वीसवरून सहावर आली. साधं गणित आहे."

"कधी आणली?"

"शनिवारी."

"आणि ही चार-दहाची आकडी कधी दिसली?"

"सोमवारपर्यंत काहीच नव्हतं. काल दुपारी बुधवारची रात्र दिसली. काल रात्री बुधवारचे संध्याकाळचे सात. आज सकाळी, संध्याकाळचे पाच. आणि आत्ता चार वाजून दहा मिनिटं." वैराळ्यांचा आवाज चढला. "जितकी चिप गार, तितकं नेमकं दिसतंय. म्हणून म्हणतो, शून्यावर न्या. वेळ पक्की झाली की इंजेक्शन देतो. ते वाया घालवून चालणार नाही."

रेणुकाने पंख्यासमोर हात धरला आणि मागे घेतला.

"सर, फ्रिज थंडी बनवत नाही. एका जागची उष्णता उचलतो आणि दुसरीकडे नेऊन टाकतो. उचलायची मेहनतही तिथंच टाकतो. तुमचं यंत्र सहाशे वॅट, कॉम्प्रेसर तीनशे. या खोलीत चार दिवस कपड्यांची इस्त्री चालू ठेवली तुम्ही. वर कूलर बंद."

"मला ते माहीत आहे. मी भौतिकशास्त्र शिकवलंय!"

"मग अडतीसचं बेचाळीस झालं, ते कोणामुळे?"

वैराळ्यांनीही पंख्यासमोर हात धरला.

"आकडी नेमकी दिसून राहिली नाही, सर. ती जवळ येऊन राहिली. तुम्हीच ओढून आणून राहिले."

"हा तुमचा अंदाज झाला."

"हाव. अंदाजच. मग हिलाच विचारा ना," रेणुकाने संगणकाच्या पडद्याकडे हनुवटी केली. "तुम्ही आजवर हिला 'कधी' एवढंच विचारलं. आता सांगा, खोलीत तेहतीस अंश धर, कूलर चालू, जाळी नाही, यंत्र नाही. मग काय होतं?"

वैराळ्यांनी खुर्ची ओढली. टंकताना दोनदा चूक झाली. उत्तराला अकरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ते तीनदा उठून आत जाऊन आले. तिसऱ्यांदा कुमुद म्हणाली, "अहो, मला बघायला येता की घड्याळ बघायला? घड्याळ बाहेर आहे."

पडद्यावर ओळ उमटली: दीड दिवसापर्यंत आकडी नाही.

वैराळ्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. मग भराभर दुसरा प्रश्न घातला. जाळी बाहेर, कूलर बंद, यंत्र चालू. अकरा मिनिटांनी उत्तर आलं: आज रात्री साडेनऊ.

"थांबा, मध्ये काहीतरी निघेल," ते म्हणाले. "कूलर लावायचा, पण चिपवर दव धरणार नाही इतकीच ती गार ठेवायची. किती ठेवावी लागेल?"

"दोघांचं एकत्र म्हणता? कूलरची ओल असली तर पंचविसाच्या खाली नाही नेता येत. जाळी बाहेर उन्हात. पण त्या उन्हात तुमचा कॉम्प्रेसर पंचवीससुद्धा देणार नाही, सर. त्याचा दम संपलाय. त्याचं कण्हणं ऐकून राहिले ना तुम्ही?"

"नवा बसवला तर?"

"शनिवारपर्यंत मिळेल."

"तोवर मला काहीच दिसणार नाही."

"नाही."

"यंत्र बंद केलं आणि तरीही आकडी आली तर? आधी कळणारच नाही. इंजेक्शन कपाटात आणि मी असा उभा!" त्यांनी दोन्ही हात पसरले. "हे यंत्र मला सांगतंय की मला बंद कर, म्हणजे सगळं ठीक होईल. आणि बंद केल्यावर ते ठीक आहे की नाही, हे सांगायला कोण आहे?"

रेणुकाने घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. इंजेक्शन आत्ता दिलं तरी पूर्ण दोन तास जेमतेम मिळत होते.

आत चिकटपट्टी टरकन उपसल्याचा आवाज झाला. मग पंप गुरगुरला, पत्रा थरथरला आणि वाळ्याचा ओला, मातकट, थंडगार वास दोन्ही खोल्यांत पसरला.

कुमुद भिंतीला धरून दारात उभी होती. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. तिने पायाने जाळीचा पंखा भिंतीकडे ढकलला.

"चार दिवस मी हा वास मागतेय," ती म्हणाली. "त्या बाईला सहा अंश आणि मला बेचाळीस. सवतसुद्धा इतकं करत नाही."

"कुमुद, बंद कर! पट्टीवर दव..."

दव धरायला लागलंच होतं. तांब्यावर आधी धुकं आलं, मग मोहरीएवढे थेंब. एक थेंब दुसऱ्याला मिळाला आणि पट्टीच्या कडेशी लोंबकळला.

वैराळे धावले. आतल्या खोलीत दाराशेजारच्या भिंतीवर एकाच पाटीत दोन बटणं होती. डावं कूलरचं, उजवं संगणकाचं. त्यांचा हात दोन्हींच्या मध्ये थांबला. पडद्यावर दुसरी कुमुद अजून चालत होती. तिची नाडी, तिचा श्वास, गुरुवारच्या मध्यरात्रीपर्यंतचा. इकडची कुमुद कूलरसमोर डोळे मिटून उभी होती आणि तिच्या गाऊनची कड फडफडत होती.

त्यांनी उजवं बटण दाबलं.

कॉम्प्रेसर एक उचकी देऊन थांबला. पडदा काळा झाला. घरात फक्त कूलरची घरघर उरली.

रेणुकाने फडक्याने पट्टी कोरडी केली, जाळी उचलून बाल्कनीत नेली. मग ती गेली नाही. खालच्या दुकानातून बर्फ आणला, लिंबाचं सरबत केलं आणि एक ग्लास वैराळ्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

तीन वाजता खोलीत सदतीस होतं. साडेतीनला पस्तीस. वैराळे औषध भरलेलं इंजेक्शन ताटलीत घेऊन पलंगाशी बसले होते. दर मिनिटाला ते कुमुदचं मनगट धरत, ओठ हलवत ठोके मोजत, सोडून देत, पुन्हा धरत.

चार वाजून नऊ मिनिटं. रेणुका दाराशी उभी राहिली.

चार-दहा.

चार-अकरा. कुमुदने जांभई दिली.

"नाही आली," वैराळे म्हणाले. मग लगेच, "की उशिरा येणार आहे? चार-वीसला? रात्री? कुमुद, तुला काय वाटतंय? काही जाणवतंय?"

"सरबतात मीठ कमी आहे."

"मी गंभीरपणे विचारतोय."

"अहो, आता तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. पूर्वी नव्हतंच की माहीत." ती कुशीवर वळली. त्यांचं बोट पुन्हा तिच्या नाडीवर गेलं होतं. तिने ते तिथून काढलं आणि त्यांचा सगळा तळवाच आपल्या हातात घेतला.

"मोजू नका," ती म्हणाली. "नुसता धरा."