दुसऱ्या लाईनवरचा तेजराम

ही घटना शंभर टक्के खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी भिलाईच्या वैशाली नगरला येऊन माझ्या मामाला विचारावं. मामा काहीच सांगणार नाही. पण विचारल्यावर त्याचा चेहरा जसा होतो, तेवढा पुरावा मला पुरेसा आहे.

आधीच सांगून टाकतो, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नव्हती. कुत्री रडली नाहीत. जे झालं ते भर दुपारी झालं, डबा खायच्या वेळेला, ट्यूबलाईटच्या उजेडात. भुतं म्हणे पिंपळावर राहतात. हे राहायला आलं ते एका मोडेममध्ये. भिलाईत भाड्याने घर मिळणं कठीण आहे हे मान्य, पण तरी...

तर, तेजराममामा.

छत्तीसगड राज्य नवं नवं होतं तेव्हाची गोष्ट. मामा दुर्गपलीकडच्या रसमड्याच्या एका रोलिंग मिलमध्ये डिस्पॅच ऑफिसला होता. सळयांचे ट्रक निघाले की त्यांची माहिती कॉम्प्युटरवरून रायपूरच्या हेड ऑफिसला पाठवायची, हे त्याचं काम. त्यासाठी ऑफिसात आयएसडीएन लाईन होती. म्हणजे एकाच तारेत दोन वाटा. एका वाटेने कॉम्प्युटर बोलायचा, दुसरीने माणसं. मध्ये मोडेम, करड्या रंगाचा डबा. टेबलावरचा फोन त्यातच खोचलेला. डब्यावर दोन हिरवे दिवे. पहिला पेटला की कॉम्प्युटर बोलतोय, दुसरा पेटला की फोन चालू आहे.

मामाचा फोन रोज दुपारी एकदाच वाजायचा. घरून मामीचा.

"अहो, जेवले का?"

"हो."

ठक.

संपला संसार. लग्न झाल्यापासून हे असंच. मामीने मामाचं नाव कधी घेतलं नाही, मामाने फोनवर दुसरा शब्द कधी वापरला नाही. दोघांचं बरं चाललं होतं. निदान मामाला तसं वाटत होतं.

विश्वकर्मा पूजेचा दिवस उजाडला. त्या दिवशी आमच्याकडे अख्ख्या कारखान्यात कुणी मशीनला हात लावत नाही. मशीन धुवायची, हार घालायचा, टिक्का लावायचा, बुंदी खायची आणि गुमान बसायचं. मामाला गुमान बसवत नाही. मोडेमचं नवं फर्मवेअर रायपूरहून सीडीवर येऊन पडलं होतं. फर्मवेअर म्हणजे डब्याच्या डोक्यातला मेंदू. मामाने विचार केला, आज लाईन मोकळी आहे, बदलून टाकू.

स्टोअरचे जानराव दारातच उभे होते, हातात बुंदीचा द्रोण.

"तेजराम, आज मशीनले हात नाही लावत बाप्पा."

"ही मशीन थोडीच आहे जानरावभाऊ? डब्बा आहे."

"मंग सकाळी टिक्का काहून लावला तिले?"

मामाने टिक्का बाहीने पुसला. त्याने सीडी घातली.

स्क्रीनवर पट्टी सरकू लागली. खाली लिहिलेलं, काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नका. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली...

आणि लाईट गेली.

परत आली तेव्हा मोडेम चालू होता. पहिला दिवा पेटला, कॉम्प्युटर रायपूरशी बोलला, सगळं ठीक. फक्त फोन मेला होता. रिसीव्हर उचलला की टोन नाही, खरखर नाही. भिंतीला कान लावावा तसं.

मामाने सेटिंग उघडलं. फोनच्या नंबरची जागा कोरी झाली होती. त्याने नंबर भरला. सेव्ह केलं. पुन्हा उघडलं... कोरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला नाही. मामा शांतपणे जेवला. त्याला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

तेवढ्यात दुसरा दिवा पेटला.

फोन जागेवर होता. ऑफिसात मामाशिवाय कुणी नव्हतं. तरी दिवा सांगत होता की फोन चालू आहे. कुणीतरी कुणाशीतरी बोलतंय.

मामाने रिसीव्हर कानाला लावला.

काहीच नाही...

दिवा बराच वेळ हिरवा राहिला. मग विझला.

पुढच्या दुपारी, त्याच वेळेला, पुन्हा.

मामाने मोडेमवाल्या इंजिनिअरला बाजूच्या ऑफिसातून फोन लावला. त्याने जगातले सगळे इंजिनिअर देतात तोच सल्ला दिला, "रीसेट मारो." मामाने सेफ्टी पिनने मागचं भोक दाबून रीसेट मारला. जुनं फर्मवेअर परत चढवलं. तार बदलली. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन दुसरी वाट बंदच करून टाकली. स्क्रीनवर स्पष्ट आलं, बंद.

दुपारी दुसरा दिवा पेटला.

त्या संध्याकाळी मामा घरी आला तर मामी गुणगुणत होती. जेवायला भरली वांगी. सणवार नाही, पाहुणा नाही, आणि वांगी!

"आज का आहे?" मामाने विचारलं.

"तुमीच तं म्हणाले दुपारी फोनवर. वांगी खाऊशी वाटून राहिली म्हणून."

मामाचा घास हातातच राहिला.

आता माणसाने इथे काय बोलावं? 'मी नाही बोललो' म्हणावं, तर बायको रोज दुपारी कुणाशी बोलते हा प्रश्न येतो. 'मीच बोललो' म्हणावं, तर कोण बोललं हा प्रश्न राहतोच. मामाने आपला नेहमीचा मार्ग धरला.

"हं," तो म्हणाला.

"आजकाल किती छान बोलता तुमी फोनवर. समोर आले का तोंडाले कुलूप."

"आवाज... बराबर येते का माझा?"

"येते नं. थोडी सर्दी झाल्यावानी येते. तारेमुळं असंन."

मामा वांगी जेवला. वांगी सुंदर झाली होती. तेच त्याला सहन झालं नाही.

पहिला संशय अर्थातच जानरावांवर. जानराव केसांना तेल लावायचे आणि कारण नसताना हसायचे, एवढा पुरावा मामाला पुरला. दुसऱ्या दिवशी त्याने जानरावांना बिडीच्या निमित्ताने ऑफिसात बसवून घेतलं. दोघं समोरासमोर. फोन मधे. जानराव आपल्या गुडघेदुखीबद्दल सांगत होते...

दिवा पेटला.

जानरावांचं तोंड हलत होतं, पण गुडघ्याबद्दल. मामाला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जानराव असते तर भांडता आलं असतं.

मग मामाने माणसं जे करतात ते केलं. चढाओढ.

भिलाईच्या पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून त्याने मोगऱ्याचा गजरा आणला. आयुष्यात पहिल्यांदा. स्कूटरच्या डिकीत लपवून, चोरीचा माल आणावा तसा. घरात येऊन मामीसमोर धरला.

मामी लाजली. मामा फुलला.

"आणला खरंच!" मामी म्हणाली. "मले वाटलं, फोनवर नुसतं म्हणून राहिले."

मामा रात्रभर छताकडे बघत पडून राहिला. गजरा त्याचा, पैसे त्याचे, स्कूटर त्याची. श्रेय त्या डब्याचं. असा जळफळाट त्याचा पूर्वी कधीच झाला नव्हता. शेजाऱ्याने कार घेतली तेव्हासुद्धा नाही.

सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या त्याने मोडेमची पॉवर काढली. लाईनची तार काढली. फोन काढला. डबा टेबलावर एकटा, कशालाही न जोडलेला. हेड ऑफिसवाले बोंबलत राहिले, ट्रकांची माहिती कुठे आहे. मामा डब्यासमोर खुर्ची टाकून बसला.

डबा खायची वेळ झाली.

दोन्ही दिवे काळे. मामाने श्वास सोडला.

आणि दुसरा दिवा हळूहळू हिरवा झाला...

मामाने डबा उचलून कानाशी धरला. आत खूप लांबून, विहिरीतून यावा तसा एक आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. पण कुणीतरी हसत होतं.

ते हसणं मामाने ओळखलं. त्याचंच होतं. लग्नाआधीचं.

तो तसाच उठला. गेट पासही घेतला नाही. स्कूटरवर बसला आणि दुर्ग ओलांडून सरळ वैशाली नगर.

दार नुसतं लोटलेलं होतं. मामी पाठमोरी बसली होती, फोनची वायर बोटाला गुंडाळत. केस धुतलेले. मामीला तसं बसलेलं मामाने कधी पाहिलं नव्हतं. दुपारी तो घरी नसायचाच.

"अहो, तुमी पण नं," मामी म्हणत होती. "कोनी आयकलं तं का म्हणंन!"

मामाने मागून जाऊन रिसीव्हर तिच्या हातातून घेतला.

"हॅलो," तो म्हणाला. आवाज फाटला होता.

पलीकडे आधी कुणीतरी खाकरलं.

मग त्याचाच आवाज आला. थोडी सर्दी झालेला.

"कोन बोलून राहिलं?"

"मी तेजराम."

"तेजराम तं मी आहो," पलीकडचा म्हणाला. रागाने नाही, अगदी समजुतीने. "तुमी कोन?"

 या प्रश्नाचं उत्तर द्यायला मामाकडे रेशन कार्ड होतं, मिलचं ओळखपत्र होतं, खिशात लायसन होतं. यातलं फोनवर काहीच दाखवता येत नव्हतं.

"भाऊ," पलीकडचा नम्रपणे म्हणाला, "जरा वंदनाले द्या नं. आमचं बोलणं चालू आहे."

"राँग नंबर," मामा म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मामीने बोटावरची वायर सोडवली.

"वंदना," मामा म्हणाला. "तो मी नाही."

मामी पदराने हात पुसत राहिली. ओले नव्हते.

"मले माहीत आहे," ती म्हणाली.

मामा खाली बसला.

"कधीपासून?"

"पयल्याच दिवसापासून. मी विचारलं, जेवले का. तो म्हणाला, हो, अन् तू जेवली का?" मामी थांबली. "तवाच समजलं का हे तुमी नाही."

"मंग विचारलं काहून नाही, कोन आहे म्हणून? नाव काहून नाही विचारलं?"

"अहोले नाव कसं विचारू? आपल्यात घेतात का नाव?"

मामाला यावर भांडायचं होतं. पण भांडणाला कुठून सुरुवात करावी ते सापडेना. मामी परपुरुषाशी बोलत होती म्हणावं, तर पुरुष तेजरामच होता. आपल्याच नवऱ्याशी बोलत होती म्हणावं, तर नवरा रसमड्याला बसून मोडेमला पिन टोचत होता.

"भेव नाही वाटलं तुले?" त्याने शेवटी विचारलं.

"वाटलं नं. पयले दोन-चार दिवस देवापुढं दिवा लावूनच फोन लावला." मामी उठून त्याच्यासाठी पाणी आणायला निघाली. "मंग रोज दुपारी वाटे, आज त्यानं नाही उचलला फोन तं?"

मोडेमचं पुढे काय झालं? काही नाही. मामाने तो मिलच्या भंगारात टाकला, भंगार भट्टीत गेलं, भट्टीतून सळया निघाल्या. त्या सळया कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असतील. त्या घरातल्या लोकांचं कसं चाललंय, मला माहीत नाही.

मामाने मोबाईल घेतला. तेव्हापासून तो रोज दुपारी स्वतः फोन करतो. काय खाल्लं, काय शिजवलं, पाय दुखतो का, सगळं विचारतो. शिकला बिचारा, उशिरा का होईना. मामी म्हणते, "हो." आणि ठेवते.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे होतो. खोटं सांगत नाही.

दुपारची वेळ. मामा चिवड्याचे पोहे आणायला गेला होता. मामीच्या मोबाईलवर त्याचा फोन आला. "हो," ती म्हणाली, ठेवला. मग बाहेरच्या खोलीत आली आणि जुन्या फोनपाशी बसली. लाईन कापून कितीतरी वर्षं झाली आहेत. वायर गुंडाळून, वर रबर लावून, फोनच्याच बाजूला ठेवलेली. ती मी स्वतः पाहिली.

मामीने केस मोकळे केले.

फोन वाजला नाही...

तिने उचलला.

हळू आवाजात बोलत राहिली. मधेच माझ्याकडे पाहून हसली आणि रिसीव्हर पुढे केला.

"घे. मामा आहे. तुले विचारून राहिला, नोकरीचं का झालं म्हणून."

मी हात पुढे केला नाही. नोकरीचं काहीच झालं नव्हतं, पण कारण ते नव्हतं.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. मामा. हातात पोह्यांची पिशवी. त्याने दारातून मामीला पाहिलं, रिसीव्हरला पाहिलं, मग मला पाहिलं. वाटलं, आता ओरडेल. धावून जाईल. काहीतरी करेल.

त्याने चप्पल काढली होती. ती पुन्हा घातली.

आणि बाहेर जाऊन, उन्हात, स्कूटरला टेकून उभा राहिला. आतलं बोलणं संपेपर्यंत.