सोळा हजारांच्या वर

शनिवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी हॉलच्या फरशीवर रिकामी जागा दिसली.

हॉल गच्च भरला होता. चार ते सात ही वेळ कॉलेजच्या पोरांची. दोनशेच्या वर पोरं नाचत होती आणि डाव्या खांबाजवळ मात्र दोन हात रुंदीचा एक गोल मोकळा होता. नाचणारे त्याच्या कडेपर्यंत येत आणि खाली न बघताच वळत. बूथमधल्या डीजेबाईंना वाटलं, कुणाचं तरी सरबत सांडलं असेल. त्यांनी मॅनेजरला खूण केली. मॅनेजर पंचावन्न वर्षांचा. तो खुशाल गोलाच्या मधोमध जाऊन उभा राहिला, बुटाचा तळ घासून पाहिला आणि मान हलवली. फरशी कोरडी होती.

बाईंना नोकरी लागून तीन आठवडे झाले होते. तीन महिने उमेदवारीचे. त्यांच्या आधी एकवीस वर्षं इथे गाणी वाजवायला मास्तर होते. जाताना त्यांनी किल्ल्या हातात दिल्या नाहीत, टेबलावर टाकल्या.

"नवे स्पीकर आलेत म्हणे. फोडा आता लोकांचे कान," एवढं बोलून त्यांनी संगणकाकडे बोट केलं. पडद्याच्या चौकटीवर पिवळी चिठ्ठी होती : 'फिल्टर १६०००. हात लावू नये.'

गाणं फाइलमध्ये बसवताना जागा वाचावी म्हणून वरच्या पट्टीतले आवाज कापता येतात. मोठ्या माणसांना ते बहुधा ऐकूच येत नाहीत. कुठून कापायचं ते फिल्टरच्या सेटिंगमध्ये ठरतं. मास्तरांनी साडेअकरा हजार गाणी अगदी कमी बिटरेटवर, म्हणजे हलक्या दर्जात, सोळा हजार हर्ट्झला कापून ठेवली होती. नव्या स्पीकरवर झांजा वाजल्या की कुणीतरी कागद चुरगळतंय असं वाटे. असल्या फाइली वाजवायची बाईंना लाज वाटली. कपाटातल्या मूळ डिस्क काढून त्यांनी सगळी गाणी नव्याने भरली : बिटरेट सर्वात वरचा, फिल्टर बंद. नऊशे गाण्यांच्या डिस्क सापडल्या नाहीत. ती त्यांनी, सगळं एकसारखं दिसावं म्हणून, जुन्या फाइलींवरूनच नव्या सेटिंगमध्ये केली. त्याचा उपयोग शून्य, हे त्यांना ठाऊक होतं. फोटो मोठा केला म्हणून चेहऱ्यावर नवे तीळ उगवत नाहीत. कापलेलं परत येत नाही.

पिवळी चिठ्ठी त्यांनी सोलून काढली आणि गोळी करून टोपलीत टाकली.

दुसऱ्या शनिवारी गोल मोठा झाला आणि खांब सोडून बूथच्या समोर आला. मॅनेजर चिडला. "बाई, पोरं भिंतीला चिकटून नाचतायत. मास्तरांच्या वेळी असं नव्हतं. काय वाजवताय तुम्ही?"

"तेच वाजवतेय. जास्त चांगलं."

"मग जरा कमी चांगलं वाजवा."

बाईंची लेक त्या दिवशी मैत्रिणींबरोबर आली होती. वय सतरा. तान्ही असताना इतकं उंच रडायची, की घरात तिचं नाव पिपाणी पडलं ते पडलंच. ती पलीकडच्या भिंतीपाशी कानांवर हात ठेवून उभी होती. बाईंनी तिला हाताने बोलावलं. मध्ये मोकळी फरशी होती, जवळचा रस्ता तोच. पिपाणी दोन पावलं अडखळली. बाईंनी पुन्हा हात केला. मग ती सरळ गोलातून चालत आली.

"आई, ती शिट्टी बंद कर ना."

"कसली शिट्टी?"

"अगं, ती काय. सारखी चाललीय. सगळ्यांनाच त्रास होतोय." बूथच्या पायरीवर ती थांबली, डोकं एकदा झटकलं. "थांबली बघ. काय केलंस?"

बाईंनी कशालाही हात लावला नव्हता.

सोमवारी सकाळी दहाला, रिकाम्या हॉलमध्ये, त्यांनी त्या नऊशेपैकी एक गाणं आलेखात उघडलं. खालून सोळा हजारांपर्यंत रंग होते. त्याच्या वर निव्वळ काळं असायला हवं होतं. तिथे बारीक पांढरे ओरखडे होते, जुडग्याजुडग्यांनी.

दुसरं गाणं उघडलं. तेच.

चाळीस गाणी उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. एका गाण्याच्या शेवटी अर्धवट तुटलेलं जुडगं पुढच्या गाण्याच्या सुरुवातीला पुरं होत होतं. बाईंनी क्रम उलटा केला. कुठलीही दोन गाणी शेजारी ठेवली. तरीही पुरं होत होतं.

त्यांनी मास्तरांना फोन लावला.

"सोळा हजारांच्या वर काय आहे?"

"चिठ्ठी वाचताना चष्मा घरी विसरला होतात का?"

"मास्तर, मी साधं विचारतेय."

"मला काय विचारता? मी कधी ऐकलं नाही. आपलं वय नाही ते. माझ्या पोरीला ऐकू यायचं."

"मग तिचा नंबर द्या."

"फोनवर नाही जमणार तिला आता." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "गोल पडला का?"

"पडला."

"त्यातून कुणी गेलं? पोरांपैकी?"

बाई म्हणाल्या, "नाही."

"मग सुटलात. फिल्टर लावा आणि गप्प बसा." फोन बंद झाला.

सगळी गाणी पुन्हा सोळा हजारांना कापायला दोन दिवस लागले. तिसऱ्या शनिवारी फरशी कडेपर्यंत भरली. मॅनेजरने बूथमध्ये डोकावून अंगठा दाखवला. पिपाणी त्या दिवशी आली नव्हती. मैत्रिणींनी तिला बोलावलं नव्हतं. का, ते तिला सांगता येईना.

बुधवारी साडेअकराला बाई तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

"मला नीट ऐकू येतं गं," पिपाणी वाटभर सांगत होती. "तुझं हळूच पुटपुटणंसुद्धा."

तपासणी झाल्यावर तिला बाहेर बसवून डॉक्टरांनी कागद पुढे केला. "ऐकणं उत्तम आहे. फक्त हे बघा. माणसाच्या कानाचा आलेख वरच्या पट्टीत उतरत उतरत जातो. हिचा सोळा हजारांपर्यंत सपाट, आणि तिथे खाडकन खाली. दोन्ही कानांचा. पट्टी लावून ओढल्यासारखा. असा कान मी पाहिलेला नाही."

बाईंनी ती रेघ पाहिली होती. साडेअकरा हजार वेळा.

"दुसरंही एक आहे," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या वरचं तिला ऐकू येत नाही. पण कानात बारीक माइक ठेवला, तर तिथून आवाज बाहेर येतोय. मला नाही ऐकू येत. मशीन लिहितंय."

दुसऱ्या कागदावर ओरखडे होते. जुडग्याजुडग्यांनी. शेवटचं अर्धवट होतं.

बाईंनी दार उघडलं. बाहेरची खोली भरलेली होती. पिपाणी मधल्या बाकावर फोन बघत बसली होती. तिच्या एका बाजूला एक आजोबा डुलकी घेत होते, दुसऱ्या बाजूला एक आजी पिशवीत काहीतरी शोधत होत्या. बाक अर्धा रिकामा होता. तरुण सगळे भिंतीला टेकून उभे होते.

एक दीड वर्षाचं पोर लाल चेंडूमागे तुरुतुरु निघालं. चेंडू घरंगळत पिपाणीच्या पायाशी जाऊन थांबला. पोर चार हात अंतरावर थबकलं.

पिपाणीने चेंडू उचलून पुढे धरला. "घे ना," ती हसून म्हणाली.

पोराने तिच्याभोवती सावकाश अर्धा वळसा घातला आणि भिंतीपाशी उभ्या आपल्या आईच्या पायांना मिठी मारली.

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. पिपाणीचा हात अजून पुढेच होता.