लपवलेला एक्का

ही गोष्ट खरी आहे. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढं हसू येणार नाही.

माझी सारजामावशी मरेपर्यंत हे सांगत राहिली, आणि एकदाही तिचा शब्द इकडचा तिकडं झाला नाही. साल १९७४. सोलापूर. विजापूर वेशीमागची गल्ली. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती आणि थंडी अजून हटत नव्हती.

मावशी पत्ते बघायची. खेळायचे नाहीत हो... भविष्याचे. पत्ते आपले साधेच, बावन्न. पण बघणारीला त्यात माणसं दिसतात.

ही विद्या तिला शेजारच्या हुसेनबीनं दिली. हुसेनबी तोंडाची फटकळ. पत्ता आला की धाडकन सांगून मोकळी, मग समोरची बाई रडो नाहीतर पडो. मावशीनं आधी तिचीच नक्कल केली. तसंच कपाळ आक्रसायचं, तसंच खाकरायचं. पण मावशीचा चेहरा गोल, हसरा! बायका विचारायच्या, "सारजाबाई, पोटात दुखतंय का तुमच्या?"

मग हळूहळू तिला तिची रीत सापडली.

आधी चहा. मग समोरचीचा हात हातात. मग पत्ते. आणि बोलायचं असं, की कुणी रडत उंबरा ओलांडू नये. वाईट पत्ता आला तरी मावशी त्याला साखर लावायची. दारात रांग लागायला लागली.

हुसेनबी एकदाच बोलली. "मीठा बोल, सारजा. हर एकीका हाथ अलग. पर झूट नक्को मिला. सुननेवाले सिरफ सामनेच नहीं बैठते."

मावशीनं ते हसण्यावारी नेलं.

आणि मग गंगम्मा आली...

गंगम्मा मूळची दुधनीची. घरात कानडी, बाहेर मराठी. नवरा कधीच गेलेला. एकुलता एक धुळाप्पा ट्रकवर क्लीनर होता. दिवाळीच्या आधी हैदराबादच्या रस्त्याला गेला, तो गेलाच. ना ट्रक परत आला, ना पोरगं. गंगम्मानं अन्न टाकलं होतं. हाडं वर आली होती बिचारीची.

"सारजाक्का, एवढंच सांग... येतोय का माझा धुळाप्पा?"

मावशीनं पत्ते मांडले. बदामचा गुलाम निघाला. म्हणजे पोरगा. त्याच्यावर दुसरा पत्ता उलटला...

इस्पिकचा एक्का. म्हणजे मरण.

मावशीनं गंगम्माच्या तोंडाकडं बघितलं. आणि एक्का गुपचूप गुडघ्याखाली सरकवला.

"येतोय की! दिवेलागणीला येतोय बघ. दाराला कडी लावू नको."

गंगम्मानं तिथंच बसून भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. किती दिवसांनी! मावशीला वाटलं, पुण्य केलं. मला सांगा, तुम्ही दुसरं काय केलं असतं?

काही दिवस गेले. एका संध्याकाळी मावशी देवापाशी दिवा लावत होती. शेजारी इमामसाबचा यंत्रमाग दिवसभर खडखडायचा. इतकी सवय, की तो आवाज कानाला कळायचाच नाही.

तो थांबला...

वीज गेली म्हणावं, तर बल्ब तसाच जळत होता. गल्लीतली पोरं, कुत्री, सायकलच्या घंटा... काहीच नाही.

दारात एक पोरगा उभा होता.

खाकी सदरा. हाताला काळं ऑइल. उंबऱ्याच्या बाहेरच.

"काकू... अव्वाला सांगा की."

"कोण रे तू? काय सांगू?"

"धुळाप्पा मी, गंगम्माचा. मी यायचा न्हाय म्हणून सांगा."

माग पुन्हा खडखडायला लागला. दारात कुणी नव्हतं.

मावशी तशीच इमामसाबकडं धावली. "माग बंद केलता का?"

"न्हाय की. सकाळपास्नं चालूच हाय."

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. दर खेपेला पोरगा जास्त दमलेला. शेवटी तर चौकटीला टेकून उभा होता.

"लई लांबनं चालत यावं लागतंय, काकू. पाय दुखत्यात. अव्वा कडी लावत न्हाय, तवर मला यावंच लागतंय."

मावशी हुसेनबीपुढं जाऊन ढसाढसा रडली. हुसेनबी रागावली नाही. "तूच बुलाई उसकू. अब तूच जा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मावशी गेली. गंगम्माचं दार सताड उघडं होतं. तिच्या अंगावर मांस आलं होतं, केस नीट विंचरलेले. चुलीपुढं दोन ताटं मांडलेली.

"गंगम्मा... मी खोटं बोलले गं. त्या दिवशी एक्का आलता. धुळाप्पा न्हाय यायचा."

गंगम्मा भाकरी थापत राहिली.

"मला ठावं हाय की. आई हाय मी. पर तू म्हणालीस, आन् तवापास्नं रोज ह्याच वक्ताला दारात चपला काढल्याचा आवाज येतोय. दिसत कोण न्हाय. ताट तसंच ऱ्हातंय. तेवढ्या आवाजावर जगतीय मी, अक्का. त्ये काढून घ्यायला आलीस व्हय?"

मावशीला रडू आवरेना. रडत रडतच तिनं सगळं सांगितलं. माग थांबला ते, पोरगा चौकटीला टेकला ते... आणि शेवटी पायांचं.

गंगम्माचा हात थांबला.

"पाय दुखत्यात म्हणला?"

"व्हय."

"ल्हानपणी पण असाच... जरा चाललं की कडंवर घे म्हणायचा."

ती उठली. पिठाच्या हातानंच तिनं दार लोटलं. कडी लावली. आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली.

बाहेर पावलं आली...

चपला वाजल्या.

मग दारावर कुणीतरी तळहात टेकला.

"अव्वा..."

कानडीत. पोरगं आईशी बोलतं तसं. "अव्वा... बागिल तेगी."

दार उघड म्हणत होतं.

मावशी मागं सरकली. त्यालाच तर कडी लावून हवी होती! मग हे कोण?

गंगम्मानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. डोळे घळाघळा वाहत होते. पण हात कडीवरून हलला नाही.

"अव्वा..."

बऱ्याच वेळानं पावलं गेली. सावकाश. फरफटत.

"अक्का, तू ऐकलंस?"

"न्हाय बाई," मावशी म्हणाली. "वारा असंल."

गंगम्मा तिच्याकडं बघत राहिली. "आता तरी ग्वाड बोलू नको गं," म्हणाली.

त्याच महिन्यात ती दुधनीला भावाकडं गेली. तिथं ऊन असतानाच दार लावून घ्यायची, असं कानावर आलं.

मावशीनं पत्ते सोडले नाहीत. पुढं आला तो पत्ता सांगितला, फक्त हात धरून सांगितला. बाया रडल्या की त्यांच्याबरोबर रडली. पण रोज दिवेलागणीला स्वतःचं दार उघडं टाकून बसायची. पोरगा आला तर तिला विचारायचं होतं... त्या दिवशी आईच्या दाराशी तूच होतास का रे? आणि तो तू होतास, तर माझ्या दारात कोण येत होतं?

कुणी आलं नाही. मावशी वाट बघतच गेली.

हे लिहिताना मी आमच्या दाराची कडी लावलीय. लावली हे बरं केलं की नाही, ते मात्र मला सांगता येत नाही.