बशी नसलेला पेला

ईदची नमाज आटोपून घर नुकतंच भरलं होतं. टेबलावर झावळीत शिजवलेल्या भाताच्या, केतुपातच्या, हिरव्या पुड्या रचलेल्या, स्वयंपाकघरातून नारळाच्या दुधात शिजणाऱ्या कोंबडीचा वास येत होता... आणि बैठकीच्या खोलीत सेहेचाळीस वर्षांची वेनिंग आपल्या आईपुढे गुडघे टेकून, आईच्या मांडीवर कपाळ ठेवून, डोळे मिटून बसली होती. लेबारानच्या, म्हणजे ईदच्या, सकाळी धाकट्यानं थोरल्यापुढे असं वाकायचं, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची, आणि थोरल्यानं डोक्यावर हात ठेवून सगळं पुसून टाकायचं. मागे तिचा भाऊ दानार बायकामुलांसह आपल्या पाळीची वाट पाहत उभा होता.

"इबू, बोलण्यात, वागण्यात माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा," वेनिंग म्हणाली.

इबूंचा हात तिच्या केसांवर आला. आशीर्वाद पुटपुटायला वाकावं तशा त्या वाकल्या आणि तिच्या कानाशी म्हणाल्या, "केली क्षमा. आणि ऐक, शुक्रवारी माझं मत दानारला. वरची खुर्ची त्याला. बाईमाणसाला ती झेपत नाही. मनाला लावून घेऊ नकोस."

काय पण वेळ साधली या बाईनं! ज्या क्षणी मान वर करायची नाही, उलटून एक शब्द बोलायचा नाही, नेमका तोच क्षण! वेनिंगच्या अंतःकरणात काहीतरी तुटलं, पण कपाळ तसंच टेकलेलं राहिलं. मग ती उठली, इबूंच्या हाताचं चुंबन घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कोंबडीच्या ओपोरच्या पातेल्यात उगाचच डाव फिरवत राहिली.

सेमारांग शहरात 'सेलेंदांग छाप' जामूचा औषधी काढा ठाऊक नाही असं घर शोधून सापडायचं नाही. इबू तरुण होत्या तेव्हा पाठीवर सेलेंदांगनं, लांब ओढणीनं, बाटल्यांची टोपली बांधून, दारोदार हिंडून हळद-चिंचेचं जामू विकायच्या. त्याच टोपलीतून आजचा कारखाना उभा राहिला. सहाशे कामगार, त्यात पाचशेच्या वर बाया! आणि आठव्या मजल्यावर, मुख्य संचालकाच्या दालनाबाहेर, आजवर त्या खुर्चीत बसलेल्यांच्या तसबिरी... पहिली वेनिंगच्या वडिलांची, दुसरी काकांची, तिसरी बाहेरून आणलेल्या एका गृहस्थांची. ज्या बाईनं टोपली वाहिली तिची तसबीर बाटलीवर, खुर्ची मात्र कायम पुरुषाची! आता ते तिसरे गृहस्थ निवृत्त होत होते आणि दोन नावं पुढे आली होती. शुक्रवारी संचालक मंडळ मत देणार होतं, आणि इबूंचं मत जाई तिकडेच मंडळ जाई. बावीस वर्षं कारखाना सांभाळणारी वेनिंग, आणि चार वर्षांपूर्वी जकार्ताहून परतलेला दानार.

पण खरं शल्य खुर्चीचं नव्हतं... खरं शल्य कुणालाच ठाऊक नव्हतं.

रोज सकाळी सात वाजता तळमजल्यावरच्या चाखण्याच्या खोलीत इबू बसत. नव्या घाण्यातलं जामू पेल्यातून त्यांच्यापुढे येई. त्या एक घोट घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "पास" किंवा "नापास". त्यांच्या शब्दाखेरीज एक बाटली बाहेर पडत नसे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेलं असे, 'इबूंच्या जिभेनं पारखलेलं!' आणि तीन वर्षांपूर्वीच्या एका तापात त्या जिभेची चव गेली होती. वासही गेला होता. डॉक्टर झाले, जपजाप्य झालं, काही परत आलं नाही. "लोकांना कळलं तर मी मेले, वेनिंग!" असं म्हणून इबू त्या दिवशी लहान मुलीसारख्या रडल्या होत्या. त्या दिवसापासून पडद्याआड वेनिंग आधी चाखत होती. घाणा चांगला असेल तर पेल्याखाली बशी, बिघडला असेल तर नुसता पेला. तीन वर्षांत ही खूण तिच्या नवऱ्यालासुद्धा कळली नव्हती, आणि कारखान्यात सगळे कौतुकानं म्हणायचे, लेक अजून आईचा ट्रे धरते हो!

बुधवारी कचेरी उघडली. खाली अजून कढया घासायचं काम चाललं होतं, वर संचालकांनी दोघांना बोलावलं होतं. मंडळाचे अध्यक्ष पाक, म्हणजे श्रीयुत, हार्तांतो मोठे गोडबोले गृहस्थ, कुणाचा अपमानही ते चहा विचारूनच करत.

"बसा, बू वेनिंग. चहा घेणार? नाही? बरं... एवढंच विचारायचंय. बावीस वर्षांत तुमचा स्वतःचा म्हणावा असा एक निर्णय सांगा. रागावू नका हं, पण लोक म्हणतात, तुम्ही इबूंचा ट्रे फार छान धरता."

दोघेतिघे हसले. दानारनं मान खाली घातली.

वेनिंगच्या ओठांवर शब्द आले होते. गेल्या वर्षीची ती बुरशीची हळद कुणी ओळखली? चार घाणे ओतून द्यायला लावले, कंपनीची अब्रू वाचली, पेपरात इबूंच्या जिभेचे गोडवे गायले गेले, ती जीभ कुणाची होती? एक वाक्य! फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि खुर्ची तिची होती! पण त्या एका वाक्यानं सत्तर वर्षांची एक म्हातारी भर कारखान्यात उघडी पडणार होती. वेनिंगनं हाताची बोटं घट्ट आवळली.

"ट्रे सांडला नाही कधी, एवढंच सांगता येईल," ती म्हणाली.

बाहेर लिफ्टपाशी दानारनं आपल्या म्बाकला, थोरल्या बहिणीला, गाठलं. "म्बाक, अगं काय हे! त्या हळदीच्या वेळी तूच धावपळ करत होतीस, मी पाहिलंय. बोलली का नाहीस?"

"तुला खुर्ची हवीय ना?"

"हवीय कशाला? आयती मिळत असेल तर नाही कोण म्हणेल!" तो हसला, मग बहिणीचा चेहरा पाहून ओशाळला. "म्बाक... मला घाण्यातलं ओ की ठो कळत नाही गं. तू आहेस म्हणून मी हो म्हटलं."

ती जिन्यानंच खाली उतरली. आठ मजले! मधेच थांबे, पुन्हा चालू लागे. चाखण्याच्या खोलीत इबू एकट्याच बसून धुतलेले पेले पुन्हा पुसत होत्या.

"इबू, शुक्रवारचा ट्रे माझा शेवटचा. सुराबायाच्या एका कारखान्यानं बोलावलंय. मी जाणार."

इबूंच्या हातातलं फडकं थांबलं. "आणि... सकाळी?"

बस्स, एवढंच! कशी आहेस नाही, का जातेस नाही, राहा नाही. सकाळी ट्रे कोण धरणार, एवढीच काळजी! वेनिंगच्या डोळ्यांत झर्रकन पाणी आलं.

"दानार धरेल की! खुर्ची त्याची, ट्रेही त्याचाच!"

"जा मग," इबू पुटपुटल्या आणि पेला पुसू लागल्या. पण तो पेला त्या किती वेळ पुसत राहिल्या, हे पाठ फिरवलेल्या वेनिंगनं पाहिलं नाही.

पुढचे दोन दिवस तिचा जीव कशातच लागेना. कपाटं आवरायला घेई, अर्धीच सोडी. सुराबायाला फोन लावी आणि उचलायच्या आत ठेवून देई. नवरा गणिताचा मास्तर, तो म्हणाला, "अगं, एकदा जायचं ठरवलंस ना? मग उत्तर आलं! आता पुन्हा पुन्हा कशाला ताळा करतेस?" तिला हसू आलं नाही.

शुक्रवारी सकाळी कारखान्याच्या मोठ्या दालनात मेळावा होता. लेबाराननंतर सगळ्यांनी रांगेनं हात मिळवायचे, मनापासून क्षमा मागायची, आणि शेवटी सुट्टीनंतरच्या पहिल्या घाण्याचं जामू सर्वांनी एकदम प्यायचं. सहाशे हातांत सहाशे पेले भरून तयार होते. इबूंनी "पास" म्हटल्याशिवाय कुणी ओठाला लावायचं नाही. मग इबूच नव्या मुख्य संचालकाचं नाव सांगणार होत्या.

पडद्याआड वेनिंगनं घोट घेतला आणि तिचा चेहराच बदलला. सुट्टीनं सुस्तावलेल्या हातांनी ढवळण्यात हयगय केली होती, हळद कढईला लागून करपली होती. कडूजहर!

समोर ट्रे होता, शेजारी बशी होती.

बशी ठेव... कुणीतरी तिच्या आत बोललं. फक्त बशी ठेव, वेनिंग! इबू "पास" म्हणतील. सहाशे जण एकदम पितील, सहाशे तोंडं वाकडी होतील, आणि तुला एक अक्षर न बोलता सगळ्या सेमारांगला कळेल की इबूंची जीभ गेली आहे, आणि तीन वर्षं चाखत कोण होतं! तिनं बशी उचलली. पडद्याच्या फटीतून तिला इबू दिसल्या... नवं केबाया पोलकं, नीट चोपलेला पांढरा अंबाडा, आणि तिच्याच वाटेकडे लागलेले, भ्यालेले डोळे.

"नाही! माझ्यानं नाही व्हायचं!" तिनं बशी बाजूला सारली आणि ट्रे घेऊन बाहेर आली.

इबूंनी पेला पाहिला, बशी नाही ते पाहिलं. मग त्यांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. बशी ठेवली असती तर आज काय झालं असतं, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. दोघींची नजर क्षणभर एकमेकींत अडकली आणि वेनिंगनं पापण्या झुकवल्या.

इबूंनी घोट घेतला. "नापास."

दालनात कुजबुज झाली. कुणी हळूच चाखलं आणि थू थू केलं. पाक हार्तांतो टाळ्या वाजवत पुढे आले. "पाहिलंत? याला म्हणतात इबूंची जीभ!" टाळ्यांचा कडकडाट झाला. वेनिंगनं रिकामा ट्रे छातीशी धरला आणि दाराकडे वळली.

"थांब, न्दुक!"

न्दुक! लहानपणी पाय वाजवत यायची तेव्हा मारलेली लाडाची हाक! किती वर्षांनी कानी पडली... वेनिंग जागच्या जागी थिजली.

इबूंनी पेला तोंडाला लावला आणि ते करपलेलं, कडूजहर जामू घटाघटा, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं. चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नाही.

"हार्तांतो, तुम्ही घ्या एक घोट."

त्यांनी घेतला आणि रुमालात थुंकला. "अहो, हे... हे कसं प्यायलात तुम्ही?"

"मला लागत नाही म्हणून प्यायले! तीन वर्षं झाली, या जिभेला साखर आणि राख सारखीच आहे. तीन वर्षं जे पास झालं ते हिच्या जिभेनं, जे नापास झालं तेही हिच्याच. ती बुरशीची हळदसुद्धा! मी नुसती बशी बघत होते, बशी!" इबूंचा आवाज फाटला. "आणि मी हिला काय सांगितलं? बाईमाणसाला खुर्ची झेपत नाही म्हणून! खोटं बोलले मी, ईदच्या दिवशी, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन खोटं बोलले! ही आठव्या मजल्यावर गेली तर खाली माझ्याजवळ कोण उभं राहणार, या भीतीनं मी तिचा जिना अडवला. हीच तोंड उघडती तर खुर्ची हिची होती... आणि हिनं तोंड उघडलं नाही."

मागच्या रांगेत एक म्हातारी कामगार ओढणीत तोंड खुपसून हुंदके देत होती.

"माझं मत वेनिंगला," इबू म्हणाल्या, आणि टेबलाचा आधार घेत, दुखरे गुडघे वाकवत, त्या लेकीपुढे खाली बसू लागल्या. थोरल्यानं धाकट्यापुढे गुडघे टेकायचे! बायांच्या रांगेतून "अगं बाई!" असा एकच उद्गार निघाला.

ट्रे खणखणत फरशीवर पडला. वेनिंग धावली, इबूंच्याही आधी स्वतःच खाली बसली आणि त्यांना मिठीत घेतलं. "नाही इबू, नाही! असं नका करू..."

"क्षमा कर गं... माझं चुकलं."

"क्षमेला उशीर नाही झाला, इबू. लेबारानचाच महिना आहे अजून," वेनिंग रडत म्हणाली, आणि मायलेकी भर दालनात, फरशीवर बसून ओक्साबोक्शी रडल्या.

"म्बाक, सुटलो गं बाई!" दानार डोळे पुसत ओरडला. "मला आपलं ढवळायला ठेवा!" आणि आधी बाया हसल्या, मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात.

सोमवारी सकाळी सात वाजता इबू चाखण्याच्या खोलीत आल्या त्या नुसत्या सवयीनं. आता त्यांच्यापुढे पेला यायचं काही कारण नव्हतं. भिंतीवरची जाहिरात उतरवली होती, तिथं फिकट चौकोन उरला होता. तेवढ्यात दार उघडलं. आठव्या मजल्यावर संचालक खोळंबले होते, आणि मुख्य संचालक वेनिंग हातात ट्रे घेऊन तळमजल्यावर उभी होती. ट्रेवर दोन पेले होते, दोन्हींखाली बशा.

"वर जायचं नाही का तुला?" इबूंनी विचारलं.

"जाते की. आधी हे."

दोघींनी घोट घेतला. इबूंनी सवयीनं डोळे मिटले आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, संकोचानं विचारलं, "न्दुक... कसं लागतंय गं?"

वेनिंगच्या काळजात लक्कन हललं. तीन वर्षं ती चांगलं की वाईट एवढंच सांगत आली होती. चव कशी आहे, हे इबूंना कुणी सांगितलंच नव्हतं! तिनं खुर्ची ओढली, इबूंचा सुरकुतलेला हात हातात घेतला आणि आणखी एक घोट जिभेवर घोळवला.

"आधी चिंच येतेय, इबू. जरा कोवळी आहे, दात आंबतायत. मग मागून ताडगूळ... आणि हळद अगदी शेवटी, घशापाशी. तुमच्या टोपलीतल्या बाटलीला लागायची ना, तश्शी."

"तशी?" इबूंच्या मिटल्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "अजून सांग."

वेनिंगनं वर जायचा विचार सोडून दिला आणि सांगत राहिली.