ओलं पोतं

भूत म्हटलं की लोकांना रात्र आठवते. आमच्या खान्देशात वैशाखातली दुपार रात्रीपेक्षा एकटी असते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, दारं लोटलेली असतात आणि लिंबाचं पान हलत नाही. अशा वेळी कोणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नये, असं जुनी माणसं सांगत. सुकदेव नानालाही हे ठाऊक होतं. पण नाना पडला गाड्यांचा मिस्त्री. कामाच्या नादात तोंडून ओ निघून जाते, त्याला काय करणार?

गोष्टीची सुरुवात अगदी साधी. एक इंजिन आणायचं होतं.

धुळ्याच्या मदनलाल शेठचा धान्याचा धंदा, वाडवडील मारवाडातून आलेले. त्यांच्या वडिलांची एक काळी विलायती गाडी गोदामात विटांवर उभी होती. डोळ्यांसारखे मोठे दिवे, बाजूला पायऱ्या, आणि बॉनेट उघडलं तर आत नुसती पोकळी. इंजिन मोठ्या दुष्काळात गेलं होतं. त्या साली विहिरींचं पाणी इतकं खोल गेलं की मोटेला येईना. नरडाण्याच्या अलीकडच्या खेड्यातला अभिमन शेठच्या दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "विहिरीत पाणी दिसतं, पण हाताला लागत नाही." मदनलाल तेव्हा तरुण होते. वडील गावाला गेलेले पाहून त्यांनी गाडीचं इंजिन काढलं आणि बैलगाडीत घालून अभिमनच्या विहिरीवर बसवून दिलं. परत आल्यावर वडील कित्येक महिने पोराशी बोलले नाहीत. पण ते इंजिन रॉकेलवर चालत राहिलं, आणि साऱ्या गावानं त्याच्या धारेखाली हंडे लावले.

पुढे विहिरीवर वीज आली, मोटर बसली. तरी अभिमननं इंजिन टाकलं नाही. पुसायचा, तेल द्यायचा, अधूनमधून सुरू करून ऐकायचा. यंदाच्या संक्रांतीला तो गेला. जाताना बायकोला एवढंच म्हणाला, की शेठचं इंजिन शेठच्या गाडीत चालतं झालं पाहिजे.

तिचा निरोप आला तेव्हा शेठनी सुकदेव नानाला बोलावलं. शेठचे डोळे कधीच गेलेले, आणि आता कानही चालले होते.

"सुकदेव, डोळे गेले तेव्हा मी कुरकुरलो नाही," शेठ म्हणाले. "पण कान जायच्या आत ते इंजिन त्या गाडीत एकदा ऐकव मला. डॉक्टर म्हणतो, आता फार दिवस धरून बसू नका."

नाना ट्रॅक्टर घेऊन त्या खेड्यात गेला. पुष्पाबाईनं, म्हणजे अभिमनच्या बायकोनं, विहिरीवरची खोली उघडून दिली. आत ओल्या मातीचा, रॉकेलचा आणि विझलेल्या बिडीचा वास कोंडलेला. इंजिनाच्या पायाशी नट खोलायचे लोखंडी पाने मापाप्रमाणे ओळीनं मांडलेले, आणि त्यांच्यावर एक पोतं, वाळून पापडासारखं कडक झालेलं.

"हे कशाला, अक्का?" नानानं विचारलं.

"त्यास्नी सवय व्हती. ऊनमा लोखंड तापस ना, हात भाजस. म्हनीसन पोतं ओलं करी ठेवेत." बाई जरा हसली. "एक बोट तर पट्टामा गयंच व्हतं. बाकीना बोटं जपेत."

हे नानाला माहीत होतं. अभिमनच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट नव्हतं.

इंजिन ट्रॉलीत चढलं. मग नानानं ते सुरू करायचं लोखंडी हँडल उचललं, तर बाईनं हळूच त्याच्या हातातून घेतलं.

"हाई मातर मी देवाव नई, नाना. बैल दिधा तरी दावं कोनी देस का?"

खरंच होतं. दिलेल्या बैलाचं दावं घरच्या खुंटीवर राहतं. नानानं हात मागे घेतला. हँडल काय, लोहाराकडून दुसरं घडवता येतं.

नानाचं गॅरेज देवपुरात, पांझरेच्या बाजूला, एका लिंबाखाली. तिथं इंजिन सारं खोलून झालं. अभिमननं ते असं जपलं होतं की नाना पिस्टन हातात घेऊन नुसता बघत बसायचा. रिंगा नव्या घातल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले. मदतीला लोटन होता, नानाइतकाच जुना हात, फक्त तोंडानं जास्त चालणारा. आणि शेठ रोज दुपारी दारातल्या खुर्चीवर येऊन बसत, डोक्यावर ओला पंचा टाकून. लोटन काम करता करता त्यांच्या कानाशी जाऊन ओरडायचा, "शेठ, आज व्हॉल्व्ह बसला!" शेठ म्हणायचे, "अरे हळू. अजून गेले नाहीत कान."

पहिल्यांदा जे घडलं, ते फार किरकोळ होतं. नाना दुपारी डबा खाऊन उठला, तर त्याचे पाने मापाप्रमाणे मांडलेले आणि वर पोतं. ओलं.

"लोटन, पोतं तू टाकलंस?"

"मी कशाला टाकू, नाना? माझे हात काय नवरीचे आहेत?"

नानानं पोत्याला हात लावला. थंडगार होतं, आणि त्याला ओल्या मातीचा वास होता. आपल्या गॅरेजात फरशी. माती कुठली?

दुसऱ्या दिवशी पुन्हा पोतं. तिसऱ्या दिवशी नाना मुद्दाम जागचा हलला नाही, पाने पायाशी घेऊन बसला. उन्हानं डोळ्यांवर झापड आली, मान कलली असेल नसेल, आणि पावलांवर काहीतरी गार टेकलं. बघतो तर पाने झाकलेले. फरशीवर ओली पावलं उमटलेली, दारातून आत आलेली. आणि परत जाणारी… नव्हती.

त्या दिवसापासून नाना मान वळवायला भ्यायला लागला. तरी काम सोडता येईना. शेठ आता दर दोन दिवसांनी खुर्ची थोडी आत सरकवून घेत होते. त्यांना ऐकू यायचं अंतर कमी होत होतं.

शेठच्या गोदामातली गाडी ओढून गॅरेजात आणली आणि इंजिन तिच्यात उतरवायचा दिवस आला. तीन पाइपांच्या उंच घोडीला चेनपुली बांधली, तिला इंजिन टांगलं आणि हळूहळू बॉनेटच्या पोकळीत घेतलं. गिअरबॉक्सचा दांडा क्लचच्या तोंडात शिरायचा बाकी होता. मधे जेमतेम हात जाईल एवढी फट उरली, तेव्हा लोटनला घरून बोलावणं आलं.

"नाना, मी येतो. तोवर आत हात घालू नका हां."

"जा रे. मी काय कालचा आहे का?"

लोटन गेला. ऊन पांढरं झालं. शेठ खुर्चीत स्वस्थ. नाना इंजिनाकडे बघत उभा होता आणि त्याला दांड्याच्या टोकाला चिकटलेली चिंधी दिसली. तशीच आत गेली असती तर सगळं पुन्हा काढायला लागलं असतं. नानानं वर चेनकडे पाहिलं, ती ताठ होती. त्यानं उजवा हात फटीत घातला.

चिंधी बोटांत आली, तेवढ्यात ओल्या मातीचा वास आला. अगदी मानेजवळ.

"नाना… हात."

"ओ," नाना म्हणाला. लोटनच आला, असं त्याला वाटलं. त्यानं हात बाहेर काढला आणि वर पाहिलं.

चेन सैल होती. नुसती सैल नाही, पुलीतून सुटून तिची वेटोळी गाडीच्या मडगार्डवर पडलेली होती. वरून कशानं धरलेलं नव्हतं, खाली कशावर टेकलेलं नव्हतं. आणि एवढं मोठं इंजिन… अधांतरी होतं.

झोपलेलं लेकरू आई खाली ठेवते ना, तसं ते इंजिन हळूहळू खाली आलं, दांडा क्लचमध्ये शिरला, टक् असा बारीक आवाज झाला, आणि ते आपल्या जागेवर बसलं.

"लोटन आला का रे?" दारातून शेठनी विचारलं.

"नाही, शेठ…"

"मग आत्ता कण्हलं कोण? ओझं उचलताना माणूस करतो, तसं." शेठनी डोक्यावरचा पंचा मागे सारला. "मला नीट ऐकू आलं, सुकदेव. इतकं नीट कित्येक दिवसांत आलं नव्हतं."

नाना गुडघ्यावर बसला आणि विजेरी घेऊन गाडीखाली वाकला. इंजिनाच्या तळाला, तेलाच्या चेंबरला, सकाळीच लाल रंग दिला होता. तो अजून ओला होता. त्यावर खालून टेकलेला एक पंजा उमटला होता. अंगठा होता, त्याच्या शेजारी रिकामी जागा, आणि मग तीन बोटं.

भर उन्हात नानाला हुडहुडी भरली. त्यानं आपला उजवा हात समोर धरला आणि बोटं उघडझाप करून पाहिली. सगळी होती. ज्याचं बोट गेलं, त्यानं याची राखली. भीती होतीच, पण तिच्यावरून काहीतरी ऊबदार वर आलं आणि नानाचे डोळे भरले. त्यानं इंजिनाला हात जोडले.

लोटनला तो एवढंच म्हणाला, "पुली बदल. आणि चेंबरला दुसरा हात देऊ नकोस रंगाचा."

गाडी सुरू करायच्या दिवशी शेठचा नातू अखिल आला होता. त्यानं आजोबांचा हात धरून मडगार्डवर ठेवला. नानानं लोहाराकडचं नवं हँडल पुढून घातलं. लोखंड उन्हात तापलेलं, तरी मुठीला गार लागलं. त्यानं जोर लावला, आणि हँडल इतकं हलकं फिरलं की जणू त्याच्या मुठीवर आणखी एक मूठ होती. इंजिन खाकरलं, आणि सुरू झालं.

शेठनी कान बॉनेटला लावला. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं.

"हाच," ते म्हणाले. "बाबूजी शाळेत सोडायचे मला, हाच आवाज. अभिमन, कसं रे जपलंस…" मग मान वर करून म्हणाले, "अखिल, उद्या आपण त्या माउलीकडे जायचं. हात जोडायला."

दुसऱ्या दिवशी अखिल चालवायला, शेजारी नाना, मागे शेठ एकटे. देवपूर मागे टाकून गाडी महामार्गाला लागली. लोक थांबून बघत होते. खेड्यात पोचायला ऐन दुपार झाली.

पुष्पाबाई अंगणात आली. बॉनेटवर हात ठेवून रडली. शेठनी हात जोडले, तर म्हणाली, "आम्हीच जोडाले पायजे, शेठ. तुम्ही आम्हले पानी पाजं." मग पाणी आणायला ती आत वळली आणि दाराशी थबकली. खुंटीवर ते जुनं हँडल लटकत होतं. तिनं त्यावर तळवा टेकवला.

"आज थंडं शे," ती म्हणाली.

"म्हणजे, अक्का?"

"रोज दुपारले हाई गरम ऱ्हास, नाना. मंग माले समजस, ते जेवाले ऊनात. आते लांब पडस त्यास्ले. धुळाथून येनं पडस." ती अंगणातल्या गाडीकडे पाहत होती. "आज नई ऊनात."

म्हणजे अभिमन रोज दुपारी जेवायला घरी येत होता, आणि आज आला नव्हता. "अक्का… माझा हात त्यांनीच वाचवला."

बाईला नवल वाटलं नाही. ती कावरीबावरी झाली ती वेगळ्याच गोष्टीनं. "मंग भूक लागनी व्हई ना त्यास्ले!" आणि घाईनं आत गेली. बाहेर आली ती फडक्यात भाकरी, ठेचा आणि एक कांदा बांधून. ते गाठोडं तिनं गाडीत मागच्या सीटवर ठेवलं, शेठच्या शेजारी, रिकाम्या जागी. शेठ काही न विचारता थोडे कडेला सरकले.

परतीच्या वाटेवर अखिलनं गाडी सावकाश हाकली. इंजिन गुरगुरत राहिलं, तृप्त असल्यासारखं.

देवपुरात लिंबाखाली गाडी थांबली. नाना उतरला आणि त्यानं मागचं दार उघडलं. सीटवर फडकं होतं. गाठ सुटलेली, घडी नीट चौपदरी घातलेली, आणि घडीवर कांद्याची साल.

"शेठ… तुम्ही जेवलात का वाटेत?"

"मी?" शेठ हसले. "जैनाच्या घरात कांदा येतो का रे कधी? वाटभर वास येत होता. मी म्हटलं, सावकाश जेव, घाई नाही."

अखिलनं आजोबांना हात दिला. शेठ उतरले, काठी टेकवत सावलीत गेले. गाडी त्यांच्या वजनानं थोडी हलकी झाली, पण मागची बाजू अजून खाली दबलेलीच होती.

नानाचा हात दारावर होता. त्यानं दार लावलं नाही. पाहुण्यासाठी धरतात तसं ते उघडं धरून, मान खाली घालून, तो उभा राहिला.

थोड्या वेळानं स्प्रिंगा करकरल्या, आणि गाडी त्या बाजूनं हळूच वर आली.